ठसका

प्रिय आबा,

आणि खोकला नव्हता, तर मग फोन का ठेवलात? मी एवढंच विचारलं होतं की दवाखान्यात जाऊन आलात का. तुम्ही म्हणालात, "खोकला न्हाय, ठसका हाय," आणि हे चार शब्द सांगेपर्यंत तीनदा थांबलात. मधे जो आवाज येत होता तो काय कडबाकुट्टीचा होता? मग फोन आईच्या हातात. आई म्हणाली, "मिरची झोंबली असंल रं त्यास्नी." दिवाळीपासून झोंबतीय. ऊस तुटला, खोडवा फुटला, माझ्या पोरीला महिना होऊन गेला, तरी झोंबतीच आहे. आपल्या घरात एवढी मिरची आणतंय कोण, तेवढं तरी कळू द्या.

शब्द मात्र तुमचा भारी आहे, मानलं. खोकला मजुराला येतो, खोकला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहणाऱ्याला येतो. पणदऱ्याच्या आबासाहेबांना ठसका लागतो. ठसका म्हटलं की माणूस कसा फेटा बांधून बसल्यासारखा वाटतो. गेल्या साली बाजारातून आणलेली ती काळी-पांढरी गाय आठवतीय का? मी म्हणालो, आबा, गाईला ठसका लागलाय. तर तुम्ही माझ्यावर डाफरलात, "गाईला ठसका न्हाय, खोकला असतो, सोड तिला हितनं." आणि दोन एकर लांब, विहिरीपल्याड, चिंचेखाली नेऊन बांधलीत. गाईला खोकला आणि मालकाला ठसका. वा! हा नियम कुठल्या सोसायटीत पास झाला?

हे पत्र मी मुद्दाम डेअरीच्या पत्त्यावर टाकलंय. घरी आलं असतं तर आईनं वाचून दाखवताना निम्मं गाळलं असतं. डेअरीत तुम्ही चष्मा लावून चारचौघांत फोडाल, आणि चारचौघांत फाडून टाकता येणार नाही. कपाळाला आठी न पाडता शेवटपर्यंत वाचावं लागेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. मी बोलायला लागलो की रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही.

माझ्या नोकरीला तुम्ही काय म्हणता ते मला कळलंय. "दूध वाहायची लाज वाटली म्हणून गेला आन आता रगत वाहतोय." बरोबर आहे. लोणी देवकरच्या कंपनीत सुपरवायझरशी भांडलो, पुण्यात टेम्पोमालकाशी भांडलो, तुमच्याशी तर जन्मल्यापासूनच भांडतोय, म्हणून आता एवढ्या लांब हैदराबादला व्हॅन चालवतोय. काम असं: बाळंतपणाच्या दवाखान्यात जायचं, नाळ कापल्यावर नाळेत जे रक्त उरतं ते बाळाच्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी पिशवीत धरलेलं असतं, ती पिशवी पेटीत घालायची आणि लॅबमध्ये पोचवायची. उशीर केला की रक्त वाया आणि शिव्या मला. एरवी जे कचऱ्यात जातं त्यासाठी सिग्नलला जीव टांगून उभा असतो मी. पहिले दोन महिने मी ह्या शिकलेल्या लोकांना मनात हसलो. म्हटलं, ह्यांना एवढा पगार मिळतो आणि हे नाळा जमवतात.

लॅबमध्ये राजेश्वरी मॅडम म्हणून आहेत, सोलापूरच्या. मोठ्या शास्त्रज्ञ, पण गाडी रिव्हर्स घ्यायला मला बोलावतात, ते जाऊ द्या. आपली पोर झाल्याचा फोन आला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. मॅडमनी पेढ्याचा घास घेतला आणि विचारलं, घरी कोणाला खोकला वगैरे नाही ना? मी म्हणालो, नाही, वडलांना थोडा ठसका आहे. बघा, तुमचा शब्द माझ्या पण तोंडात बसलाय. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, दिवाळीपासून. त्यांचा पेढा अर्धाच राहिला.

त्यानंतर एक दिवस पेटीबरोबर त्या स्वतः बसल्या होत्या. पूल बंद, पुढं ट्रकची रांग, दोन तास हलायला जागा नाही. मी विचारलं, मॅडम, त्या दिवशी तुम्ही पेढा का टाकलात? मग त्यांनी मला सांगितलं. मी नववी नापास, मला जेवढं कळलं तेवढंच तुम्हाला लिहितो. चूक असेल ती माझी, मॅडमची नाही.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. राखणदार म्हणा. बाहेरचा जंतू आत घुसला की त्यांनी त्याला धरायचं. मॅडम म्हणाल्या, बाळाच्या पेशी म्हणजे मोठ्या माणसाच्याच पेशी पण कच्च्या, वाढ न झालेल्या, असं डॉक्टर लोक लई वर्षं समजत होते. आता ह्या नाळेच्या रक्तातनं दिसायला लागलंय की त्या कच्च्या नसतात, त्यांची जातच निराळी असते. हे ऐकल्यावर मला बरं वाटलं. जन्मभर मला "कच्चं मडकं" म्हणत आलात ना? घ्या.

मोठ्या माणसाची पेशी कशी, तर आपल्या डेअरीच्या जुन्या संचालकासारखी. तिला सगळं याद असतं. कोणत्या साली कोण विरोधात गेला, कोणाच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं नाही, सगळं. ओळखीचा दुश्मन दारात आला की ती बरोबर त्यालाच धरते, दुसऱ्याला हात लावत नाही. पण नवीन माणूस आला तर आधी मीटिंग, मग ठराव, मग कुठं हालचाल. बाळाच्या पेशीला काहीच याद नसतं. ती आईच्या पोटात वाढलेली, तिथं तिला शिकवलेलं असतं की भांडू नको, आई पण परकीच आहे पण सांभाळून घे. बाहेर आली की दूध परकं, हवा परकी, पोटात जंतूंची वस्ती व्हायला लागते ती पण परकी. सगळ्यांशी भांडत बसली तर बाळ मरेल. म्हणून ती पुष्कळसं खपवून घेते. आणि खरंच कोणी घुसलं तर यात्रेतल्या पोरांसारखी पहिल्या आरोळीला धावते, कोण आहे काय आहे न विचारता. चपळ लई, पण एकदा मारामारी झाली की विसरून जाते. पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून.

मी म्हणालो, मग बरंच आहे की, मॅडम, चपळ आहेत. त्या म्हणाल्या, काही जंतूंपुढं चपळाई चालत नाही. काहींना कोंडावं लागतं.

हे मला लगेच कळलं, आणि कशामुळं कळलं ते सांगतो. मी सातवीत असताना शेजारच्या दादासाहेबांच्या उसाला तारा घासून आग लागली होती. वारा आपल्याकडं. मी हौदातनं बादली भरली आणि धावलो. तुम्ही मला वाटेत धरून अशी थोबाडीत दिली की बादली एकीकडं आणि मी एकीकडं. "पाण्यानं ऊस इझतो व्हय रं?" मग कोयते घेऊन तुम्ही चार-पाच म्हाताऱ्यांनी आपलाच उभा ऊस, तोडणीला आलेला, आडवा पाडायला घेतला. आगीच्या पुढं जाऊन पट्टा मोकळा केलात. आई रडत होती की हातानं कशाला पाडताय. आग पट्ट्यापर्यंत आली आणि खायला काही नाही म्हणून बसली. मला तेव्हा थोबाडीत बसल्याचा राग होता, त्यामुळं मी तुम्हाला शाबासकी दिली नव्हती. आज पण देत नाही. फक्त लिहून ठेवतोय.

मोठ्या माणसाच्या पेशी तसा पट्टा पाडतात. तो जंतू फुफ्फुसात शिरला की त्याला मारता नाही आला तरी चारी बाजूंनी घेरून कोंडून ठेवतात. माणूस वर्षानुवर्षं हिंडतो फिरतो, त्याला पत्ता नसतो. आणि बाळाच्या पेशी बादली घेऊन धावतात. पट्टा पाडायचं त्यांना नीट जमत नाही. आग आख्ख्या रानात पसरते, अंगभर, मेंदूपर्यंत.

आता उरलेलं पण ऐका. आग बसल्यावर सगळे घरी गेले, पण तुम्ही बांधावर बसून राहिलात. मी विचारलं, आता कशाला? तुम्ही म्हणालात, बुडख्यात इस्तू असतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटल्यावर काळ्या बुडख्यातनं परत धूर निघाला. मॅडम म्हणाल्या, तो कोंडलेला जंतू पण असाच बसून राहतो. माणसाचं वय झालं, अंग थकलं, साखर वाढली, की पट्टा कमजोर होतो आणि बुडखा पेटतो. मग माणसाला संध्याकाळचा बारीक ताप येतो. वजन उतरतं. आणि ठसका लागतो.

आई म्हणते, तुम्ही कमरेच्या पट्ट्याला दाभणानं नवीन भोक पाडलंय. एक नाही, दोन. आता त्याला पण शब्द शोधा एखादा. "बारीक न्हाय झालो, पट्टा सैल झाला."

तुम्ही म्हणाल, नववी नापास पोरगं बापाला डॉक्टरकी शिकवतंय. मी कशाला शिकवू? तुम्हीच मला शिकवलंय. आपल्या गोठ्यात वासरांच्या कप्प्याबाहेर परात ठेवलेली असते, पोटॅशचं लाल पाणी घातलेली. त्यात पाय बुडवल्याशिवाय तुम्ही डेअरीच्या चेअरमनला पण आत सोडत नाही. गाय व्यायली की स्वतःला जेवायचं सुचत नाही, आधी वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. डॉक्टर विचारतो, आबासाहेब, एवढी घाई का? तर तुम्ही छाती काढून सांगता, "नव्या जीवाला आयचा पहारा लागतो, सोताचा नसतो." शब्द न् शब्द बरोबर! मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमचे वडील हुशार दिसतात. मी म्हणालो, वासरापुरते.

कारण तोच माणूस आपल्या नातीकरता परात ठेवत नाही. तोच माणूस खोकणारी गाय चिंचेखाली बांधतो आणि स्वतः पाळण्याकडं निघतो. आणि वर म्हणतो, लस टोचलीय की पोरीला. टोचलीय. जन्मल्या जन्मल्याच इंदापूरच्या दवाखान्यात टोचली. ती लस मोठा आजार पुष्कळ वेळा अडवते, सगळ्या वेळा नाही. डोक्यावर छत्री आहे म्हणून कोणी कालव्यात उडी मारतं का?

आता फुकटची गोष्ट. तुमचं दुसरं लाडकं वाक्य: "फुकटचं मला पचत न्हाय." शेजारी गाय व्यायली की चीक येतो, खरवस होतो, आणि बाकीच्या घरातनं भांडं परत जाताना त्यात चिमूटभर साखर जाते. आपल्या घरातनं रुपया जातो. तुम्ही स्वतः भांडं धुऊन पुसून त्यात रुपया टेकवता. लोक हसतात, चीक काय विकत असतात का, आबासाहेब? तुम्ही म्हणता, रुपया टेकवला की फुकटचं न्हाय झालं. लहानपणी मला ह्याची लाज वाटायची. पोरं मला "रुपया" म्हणायची शाळेत, हे तुम्हाला माहीत नसेल. आणि आता हेच वाक्य तुम्ही दवाखान्याला लावलंय. सरकारी दवाखान्यात फुकटची तपासणी असते म्हणून तिकडं जाणार नाही, आणि खासगीत पैसे घालवायला तुम्हाला काय झालंय म्हणून तिकडं पण जाणार नाही. दोन्हीकडनं बंद. बैलाला जू नको आणि गाडीला बैल नको.

पण आबा, आख्ख्या पणदऱ्यात एक भांडं होतं जे आपल्या घरातनं रुपया न टेकवता परत गेलं. छबूकाकूचं. बांधापलीकडची छबूबाई. तिची म्हैस व्यायली, तिनं आईच्या हातात तांब्या दिला, आणि तुम्ही तो भरलेला तसाच बांधावर नेऊन ठेवलात. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. मी आईला विचारलं, तर आई म्हणाली, तिनं आपल्या लक्ष्मीला दृष्ट लावली.

मॅडमना मी त्या पुलापाशी हे पण सांगितलं, सहज, वेळ जात नव्हता म्हणून. म्हणालो, माझ्या आधी एक बहीण झाली होती, राजलक्ष्मी. शेजारच्या बाईनं बघितलं, काय गुटगुटीत पोर आहे म्हणाली, आणि आठवड्यात पोर आजारी पडली. मॅडमनी विचारलं, काय झालं होतं? मी जे आईकडनं ऐकलं होतं ते सांगितलं. आधी बारीक ताप. मग दूध ओकायची. मग डोळे वर करून झटके यायला लागले आणि मान मागं टाकली. सहा महिन्यांची होती. बारामतीला नेली तर डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय, उशीर झाला.

मॅडम पुढं वाकल्या. मग विचारलं, त्या वेळेला घरात कोणी खोकत होतं का?

आबा, मी पटकन नाही म्हणालो. आणि पुढचा ट्रक हलला, मी गेअर टाकला, आणि मला तात्या आठवले, तुमचे वडील. मी त्यांना बघितलेलं नाही, पण त्यांची गोष्ट तर घरातल्या भिंतींना पाठ आहे. तात्या ओसरीवर बाजेवर बसायचे. तात्यांना दमा होता. तात्यांना लक्ष्मीचं इतकं वेड की दिवसभर मांडीवरनं खाली ठेवायचे नाहीत, तिचं तोंड आपल्या तोंडाला लावायचे. आणि लक्ष्मी गेल्यावर त्याच साली तात्या गेले, नातीच्या दुःखानं गेले असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी गाडी कडेला घेतली. मॅडम म्हणाल्या, एवढ्या वर्षांनी खात्रीनं कोणी काही सांगू शकत नाही, युवराज. मी म्हणालो, हो. पण त्यांचं तोंड मी आरशात बघितलं.

तो दमा नव्हता, आबा. तो शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नाही, म्हणून मी इथं लिहितो. टीबी. तात्यांचा दमा, तुमचा ठसका. दोन पिढ्या झाल्या, आपण नुसतं त्याचं नाव बदलतोय. मी तात्यांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलंय. मी सांगितलंय, आता, ह्या कागदावर, डेअरीत, चारचौघांत. ह्यापुढं तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आणि त्या बाईकडं बघा जरा. छबूकाकूला लेकरू नाही. तिनं एका गुटगुटीत पोरीला गुटगुटीत म्हटलं, एवढाच तिचा गुन्हा. त्यावर पंचवीस वर्षांच्या वर तुम्ही तिच्या घरचं पाणी प्यायला नाहीत. आई विहिरीवर तिच्याशी चोरून बोलते. तुमच्या सगळ्या पेशी अशाच दिसतात. याददास्त एक नंबर, माणूस चुकीचा धरलेला. खरा चोर घरात बाजेवर बसला होता, आणि तुम्ही बांधावर पहारा देत होतात.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. परवा आईनं माझ्या बायकोला, सोनलला, तिच्या माहेरी निरवांगीला फोन केला. म्हणाली, सव्वा महिना झालाय, अमावस्या टळली की बाळ-बाळंतीण घेऊन या, नाव ठेवायचं पणदऱ्यातच करायचं. आणि आबा म्हणालेत, पोरीला आत्या नाही, म्हणून कानात नाव मीच सांगणार, राजलक्ष्मीच ठेवणार. सोनलला आनंदानं रडू आलं. तिला काय माहीत. मी मात्र फोनवर ऐकलं आणि दोनच शब्दांवर अडकलो. आत्या नाही. का नाही, आबा? ज्या कारणानं आत्या नाही, तेच कारण तुम्ही त्या आत्याच्या भाचीच्या कानाला तोंड लावून तिला सांगणार. माझी पोर साडेतीन किलोची आहे. तिच्या पेशींना भांडण माहीत नाही. त्या तुम्हाला आजोबा म्हणून आत घेतील, आणि तुमच्याबरोबर जे येईल त्याला पण.

म्हणून मी सोनलला सांगितलंय की आबांच्या थुंकीची तपासणी झाल्याचा कागद आल्याशिवाय निरवांगीहून हलायचं नाही. ती म्हणाली, आबांना काय वाटेल? मी म्हणालो, वाटू दे. कागदात काही निघालं नाही तर मी स्वतः येऊन पोर तुमच्या मांडीवर ठेवीन आणि हे पत्र तुमच्यादेखत चुलीत घालीन. निघालं तर सहा महिने गोळ्या आहेत, माणूस बरा होतो, आणि काही आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले की मग घ्या तिला, दिवसभर घ्या, खाली ठेवू नका. पण डॉक्टरनं हो म्हणेपर्यंत चिंचेखाली, आबा. तुमचाच नियम आहे. आणि बारसं तोवर थांबवायचं नसेल तर नाव छबूकाकूला सांगू द्या कानात. तिला खोकला नाही, मी आईला विचारून घेतलंय. मॅडम म्हणतात, जन्माच्या वेळच्या काही पेशी अंगात मोठेपणी पण शिल्लक राहतात आणि तशाच वागतात, जुनं काही याद न ठेवणाऱ्या. उंदरांत दिसलंय, माणसात पण असावं म्हणतात. पणदऱ्याच्या आबासाहेबांत असेल का, ह्याची मला शंका आहे. तरी एकदा बघा चाचपून. असली एखादी, तर बांधापलीकडं जाऊन तिला बोलावणं करा. आईला नका पाठवू. तुम्ही जा.

राग आला असेल तर फोन करा. ठसका लागला तरी ठेवू नका. मी ऐकत थांबेन.

तुमचाच,
कच्चं मडकं,
युवराज

ता. क. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट आहे, आणि फुकटचं तुम्हाला पचत नाही. म्हणून कागदाच्या मागं चिकटपट्टीनं चिकटवून पाठवतोय. थुंकीची डबी परत देताना डॉक्टरांच्या टेबलावर तुमच्याच हातानं टेकवा.

रुपये एक फक्त.